मागचं डावं चाक

बॅगा अजून उघडायच्या होत्या
आणि उर्मी कंपाउंडात उकिडवी बसून
मागच्या डाव्या चाकाला विचारत होती, काय झालं तुला.
नऊ महिने जहाजाच्या इंजिनाच्या पोटात काढून आली
आणि सुट्टीचा पहिला रविवार हा असा.

"बाबा, हँडब्रेक कुणी ओढून ठेवलेला?"
मीच. दर रविवारी इंजिन सुरू करायचो,
दहा मिनिटं, तिनं सांगितलं होतं तसं.
मग बंद करून ब्रेक वर, खच्चून,
गाडी घरंगळू नये म्हणून.
आमचं कंपाउंड बशीसारखं सपाट आहे,
हे पिंटोबाई गॅलरीतून म्हणाल्या, मला ऐकू जाईल असं.

माहीमची हवा खिडक्यांच्या कड्या खाते,
टाकीचं झाकण खाते.
तिला नऊ महिने म्हणजे पंगत.
चाक निघालं, तर डिस्कवर पॅडचा ठसा, गंजाचा.
बत्तीस वर्षं बँकेत शिक्के मारले मी,
इतका ठळक उमटलेला एक आठवत नाही.

केबल सुटली. दोन बोल्टांपैकी एक मुकाट आला,
दुसऱ्यानं आमटी गार केली.
कॅलिपर करवंटीएवढा, वजन वरवंट्याचं.
मी पकड पुढे केली.
"ओढायचा नाही रे. पुढचे पिस्टन दाबले की जातात,
मागचा फिरवावा लागतो. जातानाही, येतानाही."
फिरवत राहिली. कपाळावर शीर आली तिच्या,
माझ्या आईला यायची तिथेच.
फाटक्या रबराखाली मीठ होतं, पांढरं, खरंखुरं.

रॉकेल आणायला निघालो तर ओरडली.
रबर फुगतं म्हणे. स्पिरिटच लागतं.
ब्रेक ऑइलचा एक थेंब शेवड्यांच्या स्कूटरवर उडाला
आणि त्यानं रंग उचलला.
शेवड्यांना हे अजून ठाऊक नाही.

ऑपेरा हाउसहून आणलेल्या किटात
एक काळं कडं निघालं, तान्ह्या बाळाच्या बांगडीएवढं,
पण कापलं तर चौकोनी.
हे काय करतं? विचारायचं म्हणून विचारलं.
तिनं ते दोन बोटांत धरून जरासं पिळलं.
ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो.
हे जागा सोडत नाही, नुसतं त्याच्याबरोबर वाकतं,
केसभर.
पाय उचलला की सरळ होतं
आणि त्याला मागे घेतं. तेही केसभर.
तेवढ्यावर चाक मोकळं फिरतं.
"आणि स्प्रिंग?"
"नाही. हेच."
मी ते कडं हातात ठेवून राहिलो.
मग ती म्हणाली, दे आता, ऑइल लावायचंय.

दिवे लागले तेव्हा मी ड्रायव्हरच्या जागी,
ती चाकाशी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत.
"दाब."
दाबलं.
"धर."
धरलंय.
पाय तळाला टेकतो, मागे बुडबुडे निघतात, मला दिसत नाहीत.
"सोड आता."
वीसेक वेळा. कुठल्या बंदरातून फोन लागला
तरी इतकं बोलणं होत नसे आमचं.
एकदा मी तिनं सांगायच्या आतच पाय उचलला,
हवा परत आत गेली.
ती काही बोलली नाही.
पाना फिरल्याचा आवाज आला, मग
"दाब."

हँडब्रेकला पाच कट-कट, तिनं मोजून दिल्या.
सहावी ऐकू आली तर मला कळव, म्हणाली.

सिंगापूरला जहाज धरायला गेली त्या रात्री
टॅक्सीत बसता बसता सूचना:
पहिला गिअर टाकून ठेव, चाकाला वीट लाव,
ब्रेक खालीच राहू दे,
आणि फूटभर तरी हलवत जा तिला.

आज रविवार. दहा मिनिटं इंजिन.
फूटभर पुढे, फूटभर मागे,
गॅलरीत पिंटोबाई, चहाचा कप घेऊन.
बंद करताना हात दांड्याकडे गेलाच.
दोन कट ऐकू आल्या.
बटण दाबून खाली घातला
आणि उतरून वीट शोधायला लागलो,
जी शेवड्यांच्या स्कूटरखाली निघाली.